पणजीच्या शेल्फावरचा कोंबडा : पोसरकारांना खुले पत्र

फोंतायनास, साव तोमे आणि जुन्या पणजीतल्या समस्त पोसरकार, म्हणजे दुकानदार मंडळींना सप्रेम नमस्कार.

आपल्या दुकानात दाराशीच एक काळा कोंबडा उभा असतो. लाल तुरा, पिवळे पाय, अंगावर बदाम आणि ठिपके रंगवलेले. त्याच्याविषयी हे पत्र आहे. फ्रिजवर चिकटवायचा कोंबडा, चावीच्या जुडग्यातला कोंबडा, टाइलवरचा, एप्रनवरचा, बाटलीच्या ओपनरवरचा. काही ठिकाणी शेजारी पाटीही असते, 'गोव्याची आठवण'. तो काढून टाका असं मी म्हणणार नाही, तेव्हा कृपया पत्र इथेच मिटू नका. माझं म्हणणं पाटीविषयी आहे.

मी डिचोलीचा. मराठी शाळेत इतिहास शिकवत होतो. निवृत्तीनंतर पुण्या-नाशकाकडून येणाऱ्या ओळखीच्या माणसांना जुनी पणजी पायी फिरवून दाखवतो. पैसे घेत नाही, त्यामुळे माझं ऐकलंच पाहिजे अशी सक्तीही कुणावर नसते. ही मंडळी सेंट सेबेस्टियनच्या कपेलात उघड्या डोळ्यांचा ख्रिस्त बघतात, भिंतींचे रंग बघून फोटो काढतात आणि मग तुमच्याकडे शिरतात. कोंबडा हातात घेऊन विचारतात, हा काय प्रकार? उत्तरं मी बाजूला उभा राहून ऐकलेली आहेत. एका दुकानात तो गोव्याचा 'लकी' कोंबडा असतो. दुसऱ्या दुकानात पूर्वी फेणी पिऊन पडलेल्यांना पहाटे उठवायला लोक तो दारात ठेवत असतात. आणि एका ठिकाणी तर तो थेट गाव राखणाऱ्या देवाचा, राखणदाराचा कोंबडा झाला!

राखणदाराला कोंबा देतात हे खरं आहे. रोट, सोरो म्हणजे दारू, आणि कोंबा म्हणजे कोंबडा; गावच्या वेशीवरच्या झाडापाशी, पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठेही जा. पण त्या कोंब्याच्या अंगावर कुणी बदाम रंगवत नाही. तो राखणदारापुढे जातो आणि तिथून रश्शात. आपल्या जुन्या घरांच्या कौलांवर, गेटाच्या खांबांवर बसलेले मातीचे कोंबडे, शिपाई आणि सिंह, तीही गोष्ट निराळी. तुमच्या शेल्फावरचा हा गडी त्या कुळातला नाही. त्याचा गाव ठरलेला आहे, आणि तो प्रसिद्ध कसा झाला ते नीट लिहून ठेवलेलं आहे.

उत्तर पोर्तुगालात, मिन्यो प्रांतात, कावादो नदीच्या काठी बार्सेलोस नावाचं गाव आहे. तिथली दंतकथा अशी: गावात चांदीची चोरी झाली. गॅलिसियाकडून आलेला एक यात्रेकरू सांतियागोच्या यात्रेला निघाला होता, त्याच्यावर आळ आला. फाशीची शिक्षा झाली. त्यानं शेवटची इच्छा म्हणून न्यायाधीशाला भेटायला मागितलं. न्यायाधीश जेवायला बसले होते, ताटात भाजलेला कोंबडा. यात्रेकरू म्हणाला, मी निर्दोष असेन तर मला फासावर चढवताच हा कोंबडा आरवेल. लोक हसले, पण कोंबड्याला कुणी हात लावला नाही. आणि फाशीच्या वेळी तो ताटातून उठून आरवला. न्यायाधीश धावत गेले, तर दोराची गाठ नीट न बसल्यामुळे माणूस वाचलेला. बार्सेलोसच्या पुरातत्त्व संग्रहालयात एक जुना दगडी क्रूस आहे. त्यावर फासावरच्या माणसाला खालून आधार देणारा संत जेम्स आणि वर कोंबडा कोरलेला आहे.

गोष्ट छान आहे, पण एकट्या बार्सेलोसची नाही. स्पेनमधल्या सांतो दोमिंगो दे ला काल्झादा गावातही हीच कथा सांगतात. तिथल्या कॅथेड्रलमध्ये आजही जिवंत कोंबडा-कोंबडी ठेवतात. यात्रेच्या वाटेवरचे चमत्कार यात्रेकरूंबरोबरच चालतात. कोकणात आणि गोव्यात किती देव कुठल्या गावातून रुसून कुठल्या गावात आले ते आठवलं, तर आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

आता मातीचा कोंबडा. बार्सेलोस हे कुंभारांचं गाव. गुरुवारी तिथे मोठा बाजार भरतो. मडकी, थाळ्या विकायला बसणारे कुंभार उरलेल्या मातीची लहानसहान चित्रं करून पोरांसाठी बाजूला मांडत. बैलजोडी, बँडवाले, संत, शिंगवाले सैतान, शेपटीत फुंकलं की वाजणाऱ्या शिट्ट्या. त्यात कोंबडाही असे. तो कुणी राजा नव्हता, बैलाच्या आणि सैतानाच्या पंगतीत बसणारा एक पक्षी. गोष्ट क्रुसावर होती, खेळणं बाजारात होतं. दोघांची गाठ घट्ट झाली ती विसाव्या शतकात, आणि ती बांधणाऱ्यांत एका सरकारी कचेरीचा हात मोठा होता.

इथे जरा थांबावं लागेल, कारण आपला संबंध इथूनच सुरू होतो.

१९२६ साली पोर्तुगालमध्ये लष्करानं लोकशाही मोडली. १९२८ मध्ये कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा एक प्राध्यापक अर्थमंत्री झाला, १९३२ मध्ये पंतप्रधान. सालाझार. १९३३ च्या घटनेनं त्याची 'नवी राजवट' कायम झाली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय प्रचार सचिवालय निघालं. त्याचा प्रमुख आंतोनियो फेरो. हा माणूस लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो काही खेड्यातला सनातनी नव्हता. पत्रकार, लेखक, जाझचा आणि सिनेमाचा शौकीन. तरुणपणी कवी फेर्नांदो पेसोआच्या मंडळींनी काढलेल्या बंडखोर नियतकालिकावर संपादक म्हणून त्याचं नाव छापलेलं होतं. १९३२ च्या डिसेंबरात त्यानं सालाझारच्या लांबलचक मुलाखती घेतल्या आणि वर्तमानपत्रात छापल्या. त्यातूनच त्याला ती खुर्ची मिळाली.

फेरोला एक गोष्ट पक्की कळली होती. सालाझारकडे गर्दीसमोर गर्जना करणारा गळा नव्हता. तो हिशेबनीस होता, घरकोंबडा म्हटलं तरी चालेल. अशा राजवटीला लोकांच्या डोळ्यांपुढे ठेवायला काहीतरी रंगीत हवं होतं. ते फेरोनं खेड्यांतून उचललं. १९३५ मध्ये जिनिव्हाला पोर्तुगालच्या लोककलेचं प्रदर्शन, १९३७ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात दालन, १९४० मध्ये लिस्बनच्या बेलेंमध्ये 'पोर्तुगीज जगाचं प्रदर्शन', १९४८ मध्ये त्याच जागी लोककलेचं संग्रहालय. शहरातल्या आधुनिक चित्रकारांना बोलावून त्यानं खेड्यातले रंग, आकार, भरतकाम नव्यानं मांडून घेतलं. १९३८ मध्ये तर 'पोर्तुगालमधलं सर्वांत पोर्तुगीज खेडं' निवडायची स्पर्धा घेतली. मोन्सांतो गावाला बक्षीस मिळालं. बक्षीस काय, तर चांदीचा कोंबडा. त्याची प्रतिकृती अजून त्या गावच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर बसलेली आहे.

बार्सेलोसचा मातीचा कोंबडा याच लाटेवर चढला. बाजारातल्या खेळण्याचं देखणं, ठाशीव, काळ्या अंगाचं रूप ठरत गेलं, आकार वाढला, आणि पुढे पर्यटनाच्या जाहिरातींतून तो अख्ख्या देशाचा झाला. कुंभाराचे हात तेच राहिले. पण आता तो पोरांसाठी उरलेल्या मातीचा कोंबडा करत नव्हता, देशासाठी करत होता.

त्या प्रदर्शनांतलं खेडं नेहमी हसतं, नाचतं, देवळात जातं आणि सरकारवर खूष असतं. खरं खेडं उपाशी होतं. वाचता न येणारी माणसं ढिगानं, जमीन तुकड्या-तुकड्यांची, पुढे आफ्रिकेतल्या लढायांवर जाणारी पोरं. १९६० च्या दशकात त्या खेड्यांतून लाखो माणसं फ्रान्सला गेली, पुष्कळशी चोरवाटांनी, डोंगर ओलांडून. गंमत अशी, की जाताना त्यांनी कोंबडा बरोबर नेला. पॅरिसच्या बाहेरच्या चाळींत, स्वयंपाकघराच्या फळीवर तो दिसू लागला. ज्या सरकारनं त्याला राष्ट्राचा केला त्याच सरकारला कंटाळून गेलेल्या माणसांनी त्याला घरचा केला. म्हणूनच २५ एप्रिल १९७४ ला ती राजवट कोसळली तेव्हा तिच्याबरोबरच्या कितीतरी गोष्टी गेल्या, कोंबडा राहिला. २०१६ मध्ये जुआना व्हाश्कोन्सेलोस या शिल्पकर्तीनं त्याचा टाइल्सनी आणि दिव्यांनी मढवलेला अवाढव्य अवतार लिस्बनला नदीकाठी उभा केला. पोर्तुगीज लोकांचं त्याच्याशी नातं आता खरं आहे. मला त्यात खोड काढायची नाही.

पण पोसरकार, आपलं नातं काय?

तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. १९३० मध्ये लिस्बननं वसाहत कायदा केला, गोमंतकीयांना खालच्या पायरीवर ढकलणारा. त्याच वर्षी लुईश द मिनेझिश ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात त्याच्याविरुद्ध ठराव मांडला, गोव्याच्या लोकांना आपलं भवितव्य ठरवायचा हक्क आहे असा. आज पणजीत ज्या इमारतीला त्यांचं नाव आहे तिच्या दारात निळ्या टाइल्सवर व्हास्को द गामाच्या पराक्रमाचं महाकाव्य चितारलेलं आहे, जॉर्ज कोलासो या चित्रकाराचं काम, त्याच १९३० च्या दशकातलं. मी पाहुण्यांना तिथे मुद्दाम उभं करतो. नाव ज्याचं आहे, त्याचं मत एक, भिंतीचं मत दुसरं. पण ती भिंत निदान प्रामाणिक आहे. आपल्याला कुणी घडवलं, कधी घडवलं, कशासाठी, हे ती लपवत नाही.

त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्य यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती काढली होती. गोव्याच्या माणसाला स्वतःचा विसर कसा पाडला जातो, यावर त्यांनी १९४४ मध्ये एक पुस्तिका लिहिली. फेरोची कचेरी पोर्तुगालात जे रंगवत होती, त्याची दुसरी बाजू त्या पुस्तिकेत आहे. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिश या राजवटीविरुद्ध उभे राहिले. महिन्याभरातच कुन्य यांना अटक झाली, आणि त्यांना पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकलं. छापखान्यावर सेन्सॉर बसलेला. लग्नाची पत्रिकासुद्धा आधी दाखवून घ्यावी लागे, असं आमच्या घरातली जुनी माणसं सांगत. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या.

आणि मोहन रानडे. सांगलीकडचा हा तरुण गोव्यात येऊन सावईवेऱ्याच्या शाळेत मराठी शिकवत होता. आमच्याच पेशातला. १९५५ मध्ये बेती पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. त्याला पोर्तुगालला नेलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, रानडे झाले नाहीत. सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये. म्हणजे लिस्बनमध्ये पर्यटकांना रंगीबेरंगी पोर्तुगाल विकला जात होता, त्या वर्षांत आपला एक शाळामास्तर त्याच शहराजवळच्या कोठडीत बसलेला होता. कोंबड्याला दोष कसा देणार? तो मातीचा आहे. पण त्याला हातात धरून 'गोव्याची आठवण' म्हणताना ही आठवण कुठली, एवढं विकणाऱ्याला ठाऊक असावं की नसावं?

यावर तुमच्यातले काही काय म्हणणार ते मला माहीत आहे, कारण ते मला तोंडावर म्हटलेलं आहे. मास्तर, मग पावही सोडा. पाव विकणाऱ्या पोदेराला हाकला. तियात्र बंद करा, व्हायोलिन फोडा, मिरची आणि काजू उपटून टाका. नाही बाबांनो. पाव इथे आला तेव्हा इथल्या माणसानं तो माडाच्या सुरेनं फुगवला, पोदेरानं काठी आपटत दारोदार नेला, आणि चार शतकांत तो इतका मुरला की सकाळी पोदेराची पुंगी वाजली नाही तर माझ्या शाकाहारी, सोवळ्या आत्याबाईंनाही चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. बिबिंक, मांडो, तियात्र यांचं तसंच. ती उसनी घेतलेली चीज इथे राबली, बदलली, तिला इथली चव लागली. कोंबड्याचं तसं काही झालेलं नाही. त्याच्यावरचा एक ठिपकाही गोव्यात बदललेला नाही. तो जसाच्या तसा येतो, शेल्फावर बसतो आणि विमानात चढतो. आपण मध्ये फक्त पाटी लावतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तो असा, की राष्ट्राची चिन्हं अशीच तयार होतात, सगळीकडे. बाजारातून, छापखान्यातून, खेळण्यातून. हे मला शंभर टक्के मान्य आहे. आपली भारतमाताच घ्या. १९०५ मध्ये, बंगालच्या फाळणीच्या वर्षी, अवनींद्रनाथ टागोरांनी भगव्या वस्त्रातली, चार हातांची एक शांत बाई रंगवली. हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, माळ आणि पांढरं कापड. आधी तिला बंगमाता म्हणायचं होतं. पुढे ती भारतमाता झाली, आणि मग कॅलेंडरवाल्यांनी, छापखान्यांनी तिला नकाशात उभं केलं, मागे सिंह दिला, हातात झेंडा दिला. त्यातली कितीतरी चित्रं काढणाऱ्यांची नावंही आज कुणाला सांगता येत नाहीत. एअर इंडियाचा महाराजा १९४६ चा, बॉबी कुका आणि उमेश राव यांच्या डोक्यातून निघालेला, मुळात जाहिरातीसाठी. परदेशात कित्येकांना भारत म्हटलं की तोच आठवायचा. राजे गेले, तनखे गेले, पगडीवाला वाकून उभाच राहिला.

तेव्हा चिन्ह बाजारातून आलं म्हणून ते खोटं, असं मी म्हणत नाही. माझ्या मते खोटेपणा तिथे शिरतो जिथे वाट पुसली जाते. फेरोच्या कचेरीनं कुंभाराचं काम उचललं आणि ते 'राष्ट्राच्या आत्म्यातून' आल्यासारखं दाखवलं. कुंभार मागे राहिला. आपण आता त्या राष्ट्रालाही पुसून त्यावर गोव्याचं नाव लिहितो. एकदा पुसलेल्यावर दुसऱ्यांदा पुसणं. बार्सेलोसच्या कुंभारांचा तर हा उघड अपमान आहे, आणि ते काही नामशेष झालेले नाहीत. युनेस्कोनं २०१७ मध्ये त्यांच्या गावाला हस्तकलेचं सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिलेली आहे.

आपल्याकडे याच प्रकारची एक ताजी गोष्ट घडली आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नाही. आपलं घुमट हे वाद्य. तेही मातीचंच, तेही कुंभाराच्या चाकावरचं. दोन तोंडांचं मडकं, मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, लहान तोंड उघडं, त्यावर हात ठेवून आवाज दाबायचा-सोडायचा. चवथीला आमच्या घरी आरती सुरू झाली की घुमट, शामेळ आणि कांसाळें यांच्याशिवाय 'सुखकर्ता दुखहर्ता' पुढे सरकत नाही. पलीकडच्या वाड्यावर ख्रिस्तांव घरात लग्न असलं तर मांडो त्याच घुमटावर. शिगम्याला तेच. देवळात आणि इगर्जीच्या अंगणात दोन्हीकडे ज्याला आत यायला कुणाची परवानगी लागत नाही, असं आपल्याकडे आणखी काय काय आहे, मोजून बघा. बोटं पुरून उरतील.

पूर्वी घुमटावर घोरपडीचं कातडं चढवत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते गुन्हा ठरलं. बरीच वर्षं घुमट लपूनछपून वाजला. पोरं आरतीला बसायची आणि बापाचं लक्ष दाराकडे. मग बकऱ्याचं कातडं वापरायचा मार्ग धरला गेला. जुने वाजवणारे नाक मुरडतात, आवाजात ती खोली नाही म्हणतात. माझ्या कानाला फरक कळतो, पण आरती थांबण्यापेक्षा तो बरा. २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं.

आता बघा, बाजारातल्या, अंगणातल्या मातीच्या वस्तूला सरकारनं चिन्ह केलं. बार्सेलोससारखंच. पण इथे उलटं काहीतरी झालेलं आहे. सरकारनं शिक्का मारायच्या आधीच ते सगळ्यांचं होतं. शिक्क्यानं फार काही वाढलं नाही. आणि ज्याची पाटी खरोखर 'गोव्याची आठवण' अशी लावता येईल ते तुमच्या दुकानात कुठे आहे? बहुतेक ठिकाणी नाही. जिथे आहे तिथे ते कोंबड्याच्या मागे, धूळ खात, आणि करणाऱ्याचं नाव त्यावर नाही. फेरोची चूक आपण प्रचार खातं नसतानाही करून दाखवली!

घुमट एकच उदाहरण म्हणून. डिचोलीला कुंभार आहेत, पितळी समया करणारे आहेत. कुंकळ्ळीला चितारी आहेत, लाखेच्या रंगांचे लाकडी पाट आणि खेळणी करणारे. लाखेचा तो लाल आणि पिवळा रंग एकदा शेजारी ठेवा, मग बार्सेलोसच्या बदामांचं काय होतं ते बघा. शिवाय लाकूड फुटत नाही. मातीच्या वस्तू प्रवासात फुटतात ही तुमची तक्रार मी ऐकलेली आहे आणि ती खरी आहे. मात्र कोंबडाही मातीचाच की, त्याच्यासाठी तुम्ही पुठ्ठ्याची पेटी शोधलीतच ना?

गिऱ्हाईक मागतं ते ठेवावं लागतं, हेही मला पटतं. दुकानाचं भाडं इतिहासावर भागत नाही. पण गिऱ्हाईक काय मागतं ते पुष्कळदा आपण दाराशी काय मांडलं त्यावर ठरतं. फेरोनं हेच तर ओळखलं होतं. जिनिव्हाच्या माणसाला १९३५ आधी बार्सेलोसचा कोंबडा थोडाच हवा होता?

तेव्हा विनंती दोन. पहिली अगदी लहान. कोंबडा विका, पण त्याच्यासोबत पेटीत एक चिठ्ठी घाला. मजकूर मी करून ठेवला आहे, हवा तसा बदला:

'हा कोंबडा पोर्तुगालमधल्या बार्सेलोस गावच्या कुंभारांचा. मुळात मुलांचं खेळणं. १९३० च्या दशकापासून सालाझारच्या राजवटीनं लोककलेचा प्रचार केला, त्यातून तो पुढे देशाचं चिन्ह बनला. त्या काळात गोवाही त्याच राजवटीखाली होता. १९६१ मध्ये मुक्त झाला. हा तुम्ही पणजीत विकत घेतला.'

बस. त्यात निषेध नाही, घोषणा नाही. गिऱ्हाईक वाचेल, नाही वाचेल. माझा अंदाज आहे की वाचणारं गिऱ्हाईक दोन वस्तू घेईल, कारण गोष्ट असलेली वस्तू लोक जपून नेतात. अंदाज चुकला तर चिठ्ठ्यांचे पैसे माझ्याकडून घ्या.

दुसरी विनंतीही फार मोठी नाही. दाराजवळची एक फळी, कोंबड्याच्या उंचीचीच, इथल्या मातीसाठी आणि लाकडासाठी मोकळी करा. प्रत्येक वस्तूवर करणाऱ्याचं नाव आणि गाव, त्याची परवानगी घेऊन. 'हस्तकला' असं मोघम नको. डिचोलीच्या कुंभारवाड्यात मी स्वतः येऊन तुमची गाठ घालून देईन. ते उधारीवर माल देत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. आणि लहान घुमट करून द्याल का असं विचारलंत तर आधी नाही म्हणतील, मग चवथीचं काम आटपलं की बघू म्हणतील. त्याचा अर्थ हो असा घ्यावा.

आणि मधल्या काळात 'गोव्याची आठवण' ही पाटी कोंबड्याच्या गळ्यातून काढून बाजूच्या फळीवर टेकवली तरी मी पाहुण्यांना घेऊन तुमच्याच दुकानात येईन.

चिठ्ठी मराठीत आणि कोंकणीत, देवनागरी आणि रोमी दोन्ही लिप्यांत, तयार आहे. इंग्रजी माझ्या भाचीनं केलं आहे. पोर्तुगालहून येणारे पाहुणेही तुमच्याकडे असतात, म्हणून पोर्तुगीज मजकूर तपासायला मी आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना दिला. मुक्तीआधी ते प्रिमेर ग्राव, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळा शिकलेले, व्याकरणाला पक्के. त्यांनी दोन चुका काढल्या आणि एक अट घातली. सालाझारच्या नावाआधी 'डॉक्टर' लावायचं नाही. शाळेत भिंतीवरच्या तसबिरीकडे बघून दर वेळी लावावं लागायचं, म्हणाले, तेवढं पुरे झालं.

आपला स्नेहांकित,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, डिचोली